भाजीत आलू असले म्हणजे

आर्वीत निवडणुकीचं वारं कुठं वाहतंय हे कळायला कोणी पेपर वाचत नाही. लोक महादेवरावांच्या पिशवीत डोकावतात. पिशवीत नुसती वांगी दिसली तर अण्णाजी डेपोवाल्यांकडे गेले. वांग्यांबरोबर आलू दिसले तर बाजारवाल्यांकडे. एवढं सोपं आहे सगळं, आणि वर्ध्याचे पत्रकार उगाच महिनाभर विश्लेषण करत बसतात.

हे जरा उलगडून सांगायला पाहिजे. अण्णाजी म्हणजे कापसाच्या जिनिंगचे मालक. सरकी, तेल, दोन गोदामं, एक पेट्रोल पंप आणि एक इंग्रजी शाळा, एवढा पसारा. स्वतः ते कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. ज्याला बसायला जागा नाही त्यानं उभं राहावं, असं ते हसत हसत सांगतात. ते फक्त पाठिंबा देतात. म्हणजे गाड्या देतात, मंडप देतात, चौकातले फलक देतात आणि आणखी जे काही देतात ते देणाराही बोलत नाही आणि घेणारा तर मुळीच बोलत नाही. अण्णाजी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकले की मागोमाग दालमिलवाला सरकतो, गिट्टी खदानवाला सरकतो, शेवटी विटाभट्टीवालाही गळ्यातला दुपट्टा बदलून येतो. पक्षांची खरी नावं पाट्यांवर आहेत, पण पाट्या अधूनमधून बदलतात, म्हणून गाव त्यांना जागेवरून ओळखतं. ज्यांची कचेरी एसटी डेपोसमोर ते डेपोवाले आणि ज्यांची धान्यबाजाराच्या दाराशी ते बाजारवाले.

आता रोडगे. अण्णाजींच्या वावरात एक मारुतीचं ठाणं आहे आणि दर निवडणुकीच्या आधी त्या मारुतीला केलेला कुठला तरी जुना नवस अण्णाजींना नेमका आठवतो. मग गोवऱ्यांची रास पेटते, कणकेचे जाड गोळे, म्हणजेच रोडगे, निखाऱ्यात भाजले जातात, चारशे-पाचशे माणसं जेवतात. आचारसंहितेच्या पथकातली मंडळी येतात, मारुतीचा व्हिडिओ काढतात आणि जातात. देवाचं काम आहे, त्याला कोण काय म्हणणार? फक्त पंगतीत कोणत्या पक्षाची माणसं आहेत एवढंच गाव बघतं. अण्णाजी स्वतः तुपाची चरवी घेऊन ज्यांच्या रोडग्यावर तूप ओततात, त्यांचा त्या खेपेला नवस फळतो म्हणे.

आणि हे रोडगे करणारा माणूस एकच, महादेवराव. वय अठ्ठावन्न, डोळे धुरानं कायमचे लाल, मिशा एका बाजूनं जराशा करपलेल्या. तीस वर्षांत त्यांनी चार आमदारांना, सहा नगराध्यक्षांना आणि मोजता न येणाऱ्या कार्यकर्त्यांना जेवू घातलं. कणीक ते स्वतः तिंबतात, तेलाचा हात लावून एकात एक चार घड्या घालतात आणि रोडगा निखाऱ्यात ठेवताना त्याच्याशी बोलतात, असं त्यांचे हाताखालचे लोक सांगतात. काय बोलतात ते धुरात ऐकू येत नाही.

पक्षांची खूण आलूत कशी आली, तर डेपोवाल्यांच्या साहेबांना साखरेचा आजार. बारा वर्षं झाली, आलूला हात नाही. आणि साहेब जे खात नाहीत ते साहेबांसमोर कार्यकर्ताही खात नाही. बाजारवाल्यांच्या भाऊंचं उलट. वांग्याच्या भाजीत आलू नसला तर ते म्हणतात, ही भाजी आहे का शिक्षा? म्हणून महादेवराव भाजीबाजारात शिरले की पानठेलेवाला चिंधू पानाला चुना लावता लावता थांबतो. हमाल थांबतात. भाजीवाल्या बायासुद्धा उगाच मिरच्यांवर पाणी मारत बसतात.

महादेवरावांना याचा फार अभिमान. वरवर ते वैतागल्यासारखं दाखवत, पण चिंधूनं विचारलं नाही तर घरी जाऊन चिडचिड करत. "काय राव, यंदा रोडगे कोणाले?" चिंधू विचारायचा. "मारुतीले," महादेवराव म्हणायचे आणि सुपारी तोंडात टाकायचे. आचाऱ्याचा हात चालावा, तोंड चालू नये, हे त्यांचं तत्त्व. खाल्ल्या मिठाला जागणारे पुष्कळ असतात, पण महादेवराव रांधल्या मिठाला जागायचे. तीस वर्षांत अण्णाजींची एकही गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर पडली नव्हती. पिशवीतून पडली असेल ती वेगळी.

यंदा मात्र गोष्ट घरात शिरली. नगरपरिषदेच्या निवडणुकीत महादेवरावांची सून वर्षालीच उभी होती.

वर्षाली घरी शिवणकाम करायची आणि दोन वर्षांपासून एका टाकीच्या मागे लागली होती. त्यांच्या वॉर्डात नगरपरिषदेनं पाण्याची टाकी बांधली, उंच, निळी, लांबून दिसेल अशी. उद्घाटन झालं, फोटो झाले, आणि टाकीला पाइपच जोडला नाही. वॉर्डात पाणी चौथ्या दिवशी, ते पण टँकरनं. वर्षालीनं सतरा अर्ज दिले. बचत गटातली दीपमाला तिच्या जोडीला. ही दीपमाला बुद्धविहाराच्या गल्लीतली, बोलायला लागली की अधिकारी चष्मा काढून पुसत बसतो. दोघींनी मिळून कचेरीच्या इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई त्यांना चहा विचारायला लागला. पाइप मात्र आला नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला अण्णाजी गल्लीत आले, तेव्हा त्यांनीच वर्षालीच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, तू उभी राह्य. अर्ज करून टाकी भरत नसते. बाजारवाल्यांचं तिकीट मी आणून देतो. गाड्या माह्या, माणसं माह्यी. तुले फक्त हात जोडाचे हाये." तेव्हा अण्णाजी बाजारवाल्यांकडे होते. वर्षालीनं रात्रभर विचार केला, सावंगीच्या दवाखान्यात नोकरीला असलेल्या नवऱ्याला, धनंजयला फोन केला आणि सकाळी हो म्हणाली. महादेवरावांना कोण आनंद. ज्यांना आयुष्यभर वाढलं त्यांच्या रांगेत आपली सून बसणार होती. तिच्या प्रचाराच्या पत्रकावर तिच्या फोटोखाली अण्णाजींचा फोटो तिच्यापेक्षा मोठा होता, तेही कोणाला खटकलं नाही.

मतदान एका मंगळवारी होतं. त्याच्या आठ दिवस आधी, सोमवारी सकाळी अण्णाजींनी महादेवरावांना जिनिंगवर बोलावलं.

"महादेवा, रविवारी रोडगे. चारशे पान," अण्णाजी म्हणाले. ते त्यांना महादेवाच म्हणत, आख्ख्या आर्वीत तेवढा एकच माणूस. "भाजी नुसती वांग्याची कर."

महादेवराव उभेच होते. त्यांना वाटलं अण्णाजी आलू विसरले. "आन आलू?"

"साहेब येऊन राह्यले," अण्णाजी म्हणाले आणि टेबलावरचा कापसाचा नमुना उचलून त्याचा धागा ओढून बघू लागले. "शुक्रवारी बाजारवाल्यांकडून एक सही व्हाची हाये, गोदामाच्या कागदावर. तोवर कोणाले समजू देजो नको. तुले काय सांगाचं म्हना. तू त आपला मानूस."

महादेवरावांना विचारायचं होतं, आन माह्यी सून? शब्द जिभेवर आला होता. अण्णाजींनीच मग आपणहून सांगितलं, "वर्षालीचं तू टेन्शन घेऊ नको. लहान वॉर्ड हाये. निघून येते ती." आणि ते फोनवर सरकीचा भाव बोलू लागले. महादेवराव बाहेर आले. तुम्ही म्हणाल, या माणसाच्या तोंडाला कुलूप का लागलं? तर तीस वर्षांची सवय. ज्या कुलपाची किल्ली एकदाही वापरली नाही ते ऐन वेळी उघडत नाही, आणि खरं सांगायचं तर 'आपला माणूस' म्हटल्यावर त्यांना जरा बरंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, काटेरी वांगी सांगून ठेवायला ते भाजीबाजारात गेले. सत्तर किलो सांगितली. वळून बघतात तर चिंधू ठेला सोडून रस्त्यावर येऊन उभा. हमाल उभे. दालमिलवाल्याचा मुनीम कोथिंबिरीची एक काडी हातात धरून पंधरा मिनिटं भाव करत होता. सगळ्यांचे डोळे पिशवीवर. नुसती वांगी सांगून निघावं तर अण्णाजींचं गुपित दहा मिनिटांत धान्यबाजारापर्यंत पोचणार आणि शुक्रवारची सही राहणार. आणि मग महादेवरावांना सुचलं, आणि ते स्वतःवर इतके खूश झाले की मिशीला हात गेला. त्यांनी आलूचा अख्खा कट्टा घेतला, पन्नास किलोचं पोतंच, तो ऑटोत टाकला आणि ऑटोवाल्याला मुद्दाम धान्यबाजारावरून फिरवून न्यायला लावला.

चिंधूनं कट्टा पाहिला, मान डोलावली आणि ठेल्यावर परत गेला. मुनिमानं कोथिंबीर टाकून मालकाला फोन लावला. संध्याकाळपर्यंत दालमिलवाल्यानं बाजारवाल्यांचे आणखी दोन फलक लावले. एका कट्ट्यानं आख्खं गाव फिरवलं होतं. अशी हुशारी माणसाला आयुष्यात एखाद्याच वेळी सुचते, आणि ती नेमकी सुचायला नको तेव्हा सुचते.

कारण कट्टा घरी आला. घरात आणि कुठं ठेवणार? ओसरीवर, वर्षालीच्या शिलाई मशीनच्या बाजूला.

दिवेलागणीला दीपमाला दहा-बारा बायांना घेऊन आली. दिवस कापूस वेचणीचे. त्या बायांनी वेचणी बुडवायचं ठरवलं होतं. चार टोळ्या करायच्या, उद्यापासून घरोघर जायचं, टाकीची गोष्ट प्रत्येक घरात सांगायची, असा सगळा बेत दीपमालानं वहीत मांडून आणला होता. "वर्षालीताई, मोठ्या लोकाइच्या भरोशावर नको राहू," ती म्हणाली. "आपल्या पायानं फिरू. गाडीतून हात हालवला त बाई घरातून बाहेर येत नाई."

वर्षालीनं आलूच्या कट्ट्याकडे बघितलं. तिचा चेहरा खुलला. महादेवराव बाजूलाच चहा पीत बसले होते. "ताई, तुमच्या मजुऱ्या काऊन बुडवता?" ती म्हणाली. "शुक्रवारपासून अण्णाजीच्या गाड्या येऊन राह्यल्या. रविवारी रोडगे बी आपल्यालेच. तो पाहा, मामाजीनं आलूचा कट्टा आणला."

सगळ्या बाया कट्ट्याकडे बघून हसल्या. गावाला ठाऊक असलेली खूण त्यांनाही ठाऊक होती. दीपमाला तेवढी हसली नाही, तिनं महादेवरावांकडे बघितलं. महादेवराव कपात बघत होते. एक शब्द बोलायचा होता. वर्षालीला नुसतं 'जा त्यांच्यासंग' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला आणि मारुतीच्या दर्शनाला निघून गेले.

बुधवार गेला. गुरुवार गेला. शुक्रवारी वर्षाली सकाळीच तयार होऊन, हिरवं लुगडं नेसून, मतदारांची यादी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. गाड्या येणार होत्या. दहा वाजता तिनं अण्णाजींच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला निघाल्या. बारा वाजता म्हणाला, डिझेल भरून राह्यल्या. अण्णाजींचा स्वतःचा पेट्रोल पंप, तिथं डिझेल भरायला दोन तास लागत होते. चार वाजता फोन उचलेनासा झाला. तिकडे गोदामाच्या कागदावर सही झाली होती.

महादेवराव दिवसभर घरात काही ना काही शोधत फिरत होते. उलथणं शोधलं, झारा शोधला, सापडलेला झारा पुन्हा शोधला. त्यांची बायको विमलाबाई तांदूळ निवडत सगळं बघत होती. चौतीस वर्षांचा संसार. या माणसाच्या पोटातलं त्याच्या आधी तिला कळायचं. ती उठली, ओसरीवरच्या कट्ट्याची सुतळी तिनं ओढून बघितली. अजून शिवलेलीच होती.

"अवो, रविवारचे आलू शुक्रवार सरला तरी निवडाले नाई काढले?" तिनं विचारलं. "दर टायमाले त दोन दिवस आधी सडके आलू घरभर वास मारते."

महादेवराव झारा पुसू लागले.

"आलू लागणारच नाई ना?"

त्यांनी मान हलवली. विमलाबाईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "उद्या सूर्य निंगाच्या आत तिले सांगा," ती म्हणाली. "नाई त मी सांगतो. आन मी सांगतलं त तुमाले या घरात तोंड दाखवता येणार नाई."

शनिवारी पहाटे वर्षाली अंगणात चूल पेटवत होती. महादेवराव तिच्या बाजूला जाऊन उकिडवे बसले आणि सगळं सांगितलं. साहेब, सही, कट्टा, सगळं. तीस वर्षांत पहिल्यांदा इतकी वाक्यं एका दमात बोलल्यामुळे त्यांना धाप लागली.

वर्षाली फुंकणी हातात धरून ऐकत होती. "कधी समजलं तुमाले?"

"सोमवारी."

तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. "अण्णाजीचं मले काई नाई वाटून राह्यलं," ती म्हणाली. "व्यापारी मानूस हाये. जिकडं भाव तिकडं माल. पण मामाजी, मंगळवारी दीपमालाताई बाया घेऊन आलती. तवा तुमी इथंच बसून चहा पेत होते."

तिनं फुंकणी खाली ठेवली. ती उठली, तिनं पदर खोचला आणि दीपमालाकडे गेली. दीपमालानं 'मी म्हटलं होतं' असं एका शब्दानंही म्हटलं नाही, हे तिचं मोठेपण. सात वाजता बारा बाया गल्लीत होत्या. प्रचार रविवारी संध्याकाळी बंद होणार होता. चार टोळ्यांनी पाच दिवसांत करायचं काम दोन दिवसांत उरकायचं होतं.

रविवारी महादेवराव वावरात गेले. जाताना त्यांनी ठरवलं होतं, आज भाजीत मीठ असं टाकायचं की साहेबांच्या साखरेला दुसरा आजार जोडीला यावा. रोडगे आतून कच्चे ठेवायचे. तीस वर्षांचं नाव गेलं तरी चालेल, पण अण्णाजींची चारचौघात फजिती झाली पाहिजे. मनात त्यांनी अण्णाजींना असे काही शब्द वापरले की समोरच्या मारुतीनंही कान झाकले असते. मिठाची मूठ भरून ते भाजीच्या मोठ्या पातेल्यावर, त्या गंजावर, उभे राहिले.

आणि बाप्पा, हात वळेना. मूठ गंजावर धरली की बोटं आपोआप आवळायची, आणि पडायचं तेवढंच मीठ पडायचं. दोनदा प्रयत्न केला. मग ते रोडग्यांकडे गेले, म्हटलं हे तरी कच्चे काढू. पण निखाऱ्यात रोडग्याची एक बाजू फिकी दिसली की त्यांचा चिमटा पुढं व्हायचा, रोडगा फिरवल्याशिवाय त्यांना राहवेना. रागाच्या भरात त्या दिवशी त्यांचं लक्ष एरवीपेक्षा जास्तच लागलं. असे रोडगे तीस वर्षांत झाले नव्हते. साहेबांनी तीन खाल्ले आणि आचाऱ्याला बोलावून पाठीवर थाप मारली. दालमिलवाला खिशातला नवा दुपट्टा गळ्यात घालून पंगतीत बसला होता, त्यानं बोटं चाटली. अण्णाजींनी तूप वाढलं आणि मारुतीरायानंच कौल दिला असं हात जोडून सांगितलं. महादेवराव चुलीमागे जाऊन बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आचाऱ्याच्या डोळ्यातल्या पाण्याचं कारण कोणी विचारत नाही.

संध्याकाळी ते घरी आले. विमलाबाईनं विचारलं, "बिघडवाले गेलते ना?"

"नाई जमलं," ते म्हणाले. विमलाबाई एवढ्या दुःखातही हसली.

निकाल लागला. वर्षाली एकोणीस मतांनी पडली.

एकशे नव्वद असतं तर माणूस नशिबाला बोल लावतो. एकोणीस म्हणजे पाच घरं. टाकीच्या मागच्या तीन गल्ल्यांत बाया पोचल्याच नव्हत्या. रविवारी वेळ संपली होती. निकालानंतर त्यातल्याच एका गल्लीतली काजल नावाची बाई ब्लाउज शिवायला घेऊन आली आणि सहज बोलून गेली, "बाई, आमी त तुलेच देणार होतो. पण तू आमच्या दारात आलीच नाई. आमाले वाटलं, गाडीवाल्याइची झाली." वर्षालीनं माप घेतलं आणि वहीत लिहिलं. महादेवराव ओसरीवर होते. त्यांनी ते ऐकलं.

घरात कोणी त्यांना टोचून बोललं नाही. वर्षाली ताट वाढायची, मामाजी पाणी देऊ का म्हणून विचारायची, सगळं पहिल्यासारखं. फक्त ती त्यांना बाहेरचं काही सांगेनाशी झाली. पूर्वी कचेरीतून आली की आज साहेब काय म्हणाला, शिपाई काय म्हणाला, सगळं ती चहाबरोबर त्यांना ऐकवायची. आता दीपमालाला सांगायची, हळू आवाजात. महादेवरावांनी ओट्यावर बसून कान लांब केले तरी त्यांना ऐकू येत नसे. आलू पुढं दीड महिना घरात रोज होता. विमलाबाईनं चिप्स केले, पापड केले, आणि धनंजय सुटीला आला की त्याच्या डब्यात भरून सावंगीला पाठवले.

चैत्रात, हनुमान जयंतीच्या आठ दिवस आधी अण्णाजींचा पुन्हा निरोप आला. महादेवराव जिनिंगवर गेले. वर मुंबईकडे काहीतरी हाललं होतं, पालकमंत्री बदलला होता, आणि डेपोवाल्यांनी गोदामाच्या पुढच्या कागदाला उशीर लावला होता.

"महादेवा, जयंतीले पाचशे पान," अण्णाजी म्हणाले. "भाऊ येऊन राह्यले. मानूस आखरी आपल्याच घरी येते. आन हे पाहा, वर्षालीले सांगजो, मागचं मनात धरू नको म्हना. पुढच्या टायमाले मी हाओच. पण आत्ता बोलू नको, जयंतीले सरप्राइज देऊ." चपराशानं चहा आणून ठेवला होता.

महादेवरावांनी कप उचलला नाही. मग "येतो" म्हणाले आणि निघाले. आर्वीच्या उन्हात, टोपी हातात, भरभर. चिंधूनं ठेल्यावरून हाक मारली, ती त्यांना ऐकूही आली नाही.

घरासमोर दहा-बारा बाया जमल्या होत्या. अठरावा अर्ज घेऊन कचेरीत जायचं होतं, पाइपसाठी. वर्षाली कागद पिशवीत घालत होती. महादेवराव धापा टाकत तिच्यासमोर उभे राहिले.

"अण्णाजी परत बाजारवाल्याइकडं गेले," ते म्हणाले. "जयंतीले रोडगे हाये. कोणाले सांगू नको म्हणून राह्यले. आपल्याकडं परत आले, वर्षाली."

"आपल्याकडं म्हणजे कोणाकडं, मामाजी?"

महादेवरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बाजारवाल्यांकडे म्हणावं, तर त्यांच्यातला एकही जण ती पडल्यावर या दारात आला नव्हता. अण्णाजी, साहेब, भाऊ, तीस वर्षं ज्यांना ज्यांना पोटभर वाढलं त्यांची तोंडं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. आपलं म्हणावं असं त्यातलं एकही सापडेना. समोर मात्र या बाया उभ्या होत्या. त्यांनी चार महिन्यांपूर्वी वेचणी बुडवायची ठरवली होती, आणि त्या दिवशी ते त्यांच्यासमोर कप धुऊन निघून गेले होते.

"मले नाई समजत, पोरी," ते म्हणाले. "पण समजलं तसा आलो. तथं चहा ठेवलता, तो बी नाई पेलो."

वर्षालीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. निकालापासून तिनं असं त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.

"बरं केलं," ती म्हणाली. मग तिनं अर्जांची पिशवी त्यांच्या हातात दिली. "चाला मंग तुमी बी. कचेरीचा साहेब दीड वाजता जेवाले जाते, आन तिथं जाऊन सांगाले आज एक मानूस कमी पडून राह्यला होता."

महादेवरावांनी पिशवी खांद्याला लावली आणि ते बायांच्या मागोमाग निघाले.